आंत्रपुच्छाचा म्युकोसील: बरणीतला नमुना, अहवालातले शब्द आणि पुढचा निर्णय

कृष्णाकाठ (सांगली) · शनिवार, रात्री ९.१५

नमस्कार. माझ्या आईचे वय ६१ वर्षे असून आम्ही सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला राहतो. तीन आठवड्यांपूर्वी मिरजेत तिचे अपेंडिक्स (आंत्रपुच्छ) काढण्यात आले. त्याचा हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा, अहवाल आता हाती आला आहे आणि तो पाहून दोन अनुभवी सर्जननी एकमेकांच्या अगदी उलट सल्ले दिले आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. येथे वैद्यकीय क्षेत्रातील काही सभासद आहेत हे मला ठाऊक आहे. उपचार त्यांनी ठरवावेत अशी अपेक्षा नाही. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे हे कळले तरी पुरेसे आहे.

आईला गेले सात-आठ महिने उजव्या ओटीपोटात जडपणा जाणवत होता. दुखणे असे नव्हते. ताप नाही, उलटी नाही. तिने ते वातावर घातले आणि ओवा, हिंग, कोमट पाणी यांवर काम भागवले. उन्हाळ्यात सांडगे घालताना फार वेळ खाली बसवेना, तेव्हा कुठे सोनोग्राफीला तयार झाली. त्या अहवालात उजव्या बीजकोशाजवळ नळीच्या आकाराची, पाण्याने भरल्यासारखी गाठ असल्याचे लिहिले होते. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पुन्हा स्वतः पाहिले आणि बीजकोश वयाप्रमाणे आक्रसलेला व वेगळा दिसत असल्याने ही गाठ त्याची नव्हे, सीटी स्कॅन करून घ्या, असे सांगितले. सीटीमध्ये अपेंडिक्सचा व्यास २४ मिलिमीटर आला. निरोगी अपेंडिक्स साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते, हे मला त्या दिवशी प्रथमच समजले. भिंतीवर चुन्याची एक बारीक, कमानीसारखी रेघही दिसत होती.

आमच्या नात्यात कोणालाही गाठ आली की पहिला प्रश्न "सुई घालून तपासली का?" हाच असतो. मीही तोच विचारला. सर्जन म्हणाले की या गाठीला सुई लावायची नाही, ती फुटू द्यायची नाही आणि शक्यतो चिमट्यात धरायचीसुद्धा नाही. दुर्बिणीने आत पाहून झाल्यावर त्यांनी छोटा छेद घेऊन ती उघड्या पद्धतीने बाहेर काढली. शस्त्रक्रिया संपल्यावर मला ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी बोलावून ट्रे दाखवला. मी करंगळीएवढे काहीतरी पाहण्याच्या तयारीत होतो. समोर होते ते एखाद्या जून तोंडल्याला फुगवून काकडीएवढे करावे तसे, पांढुरके, ताणलेले आणि वरून अगदी गुळगुळीत.

मग फॉर्मालिनची बरणी माझ्याच हातात देण्यात आली. मिरजेत ज्यांनी नातेवाइकांची शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्यांना हा प्रकार परिचित असेल: औषधांच्या पिशवीबरोबर नमुनाही आपणच लॅबला पोहोचवायचा. रिक्षात बरणी मांडीवर घेऊन बसलो असताना लेबल वाचले, तर वडिलांच्या नावाच्या जागी दुसऱ्याच कोणाचे तरी नाव. रिक्षा वळवून परत गेलो, परिचारिकेकडून लेबल बदलून घेतले, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या बरणीची अदलाबदल झालेली नाही याची तिच्यासमोर खात्री केली आणि मगच लॅबकडे निघालो. ही चूक त्या दिवशी लक्षात आली नसती तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही टाळतो.

अहवालातील मुख्य भाग मराठीत असा: लांबी साडेआठ सेंटिमीटर, सर्वाधिक व्यास २.४ सेंटिमीटर, पोकळीत घट्ट चिकट म्युसिन, 'लो-ग्रेड अपेंडिशियल म्युसिनस निओप्लाझम', भिंतीत तंतुमय बदल व कॅल्शियम, बाह्य आवरणावर म्युसिन आढळले नाही, बुडाची कड मोकळी. खाली बारीक अक्षरांत 'तीन तुकडे तपासले' अशी एक ओळ आहे.

एका सर्जनच्या मते उपचार पूर्ण झाला असून आता केवळ पाहणी ठेवायची. दुसऱ्यांच्या मते उजव्या बाजूचे मोठे आतडे आणि त्यालगतच्या लसिकाग्रंथी काढून टाकणे सुरक्षित. आई मात्र एकच विचारते, "हा कॅन्सर आहे का नाही, ते आधी सांग." त्याचे उत्तर मला देता आलेले नाही.

गणपती_पेठ · शनिवार, रात्री १०.०२

मातोश्रींना लवकर बरे वाटो. ऑड्री हेपबर्न या हॉलिवूडच्या अभिनेत्रीचे १९९३ साली अपेंडिक्सच्याच कर्करोगाने निधन झाले होते, असे वाचल्याचे आठवते. घाबरवण्याचा हेतू नाही, परंतु आपण मोठी शस्त्रक्रिया करून मोकळे व्हावे असे मला वाटते.

सूक्ष्मदर्शी (मिरज) · रविवार, सकाळी ७.३०

मी निवृत्त विकृतिशास्त्रज्ञ आहे आणि माझी उमेदीची बहुतेक वर्षे मिरजेत अशाच बरण्या उघडण्यात गेली. वर दिलेल्या उदाहरणातील निदान 'अपेंडिक्सचा कर्करोग' एवढेच असेल, तर ते आणि आपल्या अहवालातील निदान एकच आहे असे समजू नये. या एका बोटाएवढ्या अवयवात इतक्या भिन्न स्वभावाच्या गाठी होतात की, नावाशिवाय त्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

म्युकोसील हा शब्द केवळ दिसण्याचे वर्णन करतो. पोकळीत चिकट स्राव साठून अपेंडिक्स फुगले आहे, एवढाच त्याचा अर्थ. कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८४२ साली ही स्थिती प्रथम नोंदवली. काढलेल्या अपेंडिक्सपैकी हजारात दोन-तीन असे निघतात असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. तो फुगण्याची कारणे मात्र वेगवेगळी आहेत. कधी तोंडाशी विष्ठेचा खडा किंवा जुना व्रण असतो, मार्ग बंद होतो आणि आतले अस्तर निरोगी असूनही स्राव साठत जातो. अशी साधी साठवण-गाठ सहसा २ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. कधी अस्तराची पेशीच बदललेली असते आणि ती गरज नसताना म्युसिन तयार करत राहते. आपल्या आईंच्या बाबतीत हा दुसरा प्रकार आहे.

म्युसिन म्हणजे काय हे मी विद्यार्थ्यांना अळिवावरून सांगत असे. अळीव पाण्यात भिजत घातल्यावर प्रत्येक दाण्याभोवती जो बुळबुळीत थर येतो तसा हा पदार्थ असतो. बोटाने उचलू गेले तर तार धरतो आणि सुरीला चिकटतो. अपेंडिक्सचे तोंड अरुंद असल्यामुळे तो बाहेर पडू शकत नाही, भिंतीवर दाब येतो आणि ती हळूहळू विरळ होत जाते. आपण सांगितलेली चुन्याची कमान ही त्या जुन्या ताणाची खूण आहे, जरी ती निम्म्याहून कमी रुग्णांतच दिसते. सीटीमध्ये व्यास १५ मिलिमीटरच्या पुढे गेला आणि भोवती दाह नसला की रेडिओलॉजिस्टच्या मनात म्युकोसील येतोच.

आता आईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण तोच खरा प्रश्न आहे. कर्करोगाच्या पेशी भिंतीत मुळांसारख्या शिरतात. लो-ग्रेड म्युसिनस निओप्लाझममध्ये तसे होत नाही. येथे पेशींचा थर एकसंध राहतो आणि दाबाने भिंतीला बाहेर ढकलत नेतो, अस्तराखालचा स्नायूचा पातळ पडदा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी तंतुमय ऊतक येते. म्हणून 'कार्सिनोमा' हा शब्द येथे वापरत नाहीत. तथापि तिला निरुपद्रवी म्हणायचेही धाडस आम्ही करत नाही, कारण भिंत फुटली तर ह्याच साध्या दिसणाऱ्या पेशी पोटाच्या अस्तरावर पडून तेथे म्युसिन तयार करू लागतात. पूर्वी अशा गाठींना कोणी सिस्टॅडेनोमा म्हणत असे, कोणी सीमारेषेवरची गाठ, आणि एकाच काचेवर चार ठिकाणी चार नावे येत. २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने नावे निश्चित झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणाने ती स्वीकारली. आपल्याकडील जुने अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा आईंना सांगावे की ही गाठ निओप्लाझम आहे, पेशींची स्वतंत्र वाढ आहे, पण मूळ धरून शिरणारा कर्करोग नव्हे. ती अपेंडिक्सच्या आत असताना अखंड निघाली असेल तर उत्तम.

'असेल तर' हे शब्द मी मुद्दाम लिहिले, कारण आपल्या अहवालातील सर्वांत महत्त्वाची ओळ आपण शेवटी लिहिली आहे. नेहमीच्या सुजलेल्या अपेंडिक्सचे टोक, मध्य आणि बूड असे तीन तुकडे घेण्याची पद्धत आहे आणि अपेंडिसायटिससाठी ती पुरेशी आहे. म्युसिनस निओप्लाझम निघाल्यावर मात्र संपूर्ण अपेंडिक्स तुकडे करून मेणात बसवून तपासायला हवे. साडेआठ सेंटिमीटर लांबीच्या नमुन्यातील तीन काप म्हणजे शंभर पानांच्या वहीतील तीन पाने. एखाद्या ठिकाणी म्युसिन स्नायूच्या पलीकडे गेले आहे का, बाह्य आवरणापर्यंत पोहोचले आहे का, पोहोचले असल्यास त्यात पेशी आहेत की नुसते म्युसिन आहे, याचे उत्तर उरलेल्या भागात असू शकते. गाठ स्नायूच्या थरापर्यंतच मर्यादित असेल तर तिला 'टीआयएस' म्हणतात; ती त्याखालच्या थरात गेली असेल तर टप्पा एकदम 'टी ३' होतो. या गाठीला टी १ आणि टी २ हे टप्पे लावतच नाहीत, त्यामुळे मधला जिना नाही.

उद्याच लॅबमध्ये फोन करून उरलेला नमुना बरणीत शिल्लक आहे का ते विचारावे. अहवाल दिल्यावर काही आठवड्यांनी ओला नमुना टाकून दिला जातो. मेणाचे ब्लॉक वर्षानुवर्षे राहतात, बरणी राहत नाही.

कृष्णाकाठ (सांगली) · रविवार, सकाळी ८.१०

सर, मनःपूर्वक आभार. लॅब आज बंद आहे. उद्या दार उघडताना मी तेथे उभा असेन.

द्राक्षबाग (तासगाव) · रविवार, दुपारी १.४५

सूक्ष्मदर्शी सरांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि आमच्या घरची गोष्ट सांगावीशी वाटली.

२०१४ साली वडिलांचे अपेंडिक्स दुखू लागले म्हणून एका खासगी रुग्णालयात रातोरात काढले. तेव्हा आम्ही सांगलीत, नदीकडच्या भागात भाड्याने राहत होतो. डिस्चार्ज कार्डावर 'नमुना तपासणीस पाठवला, अहवाल आठ दिवसांनी न्यावा' असे लिहिलेले होते. टाके काढायला गेलो त्या दिवशी अहवाल आलेला नव्हता. नंतर बागेची छाटणी सुरू झाली, वडील ठणठणीत झाले आणि तो अहवाल आणायला कोणीही गेले नाही. रुग्णालयातूनही कोणी फोन केला नाही. अहवालात काही गंभीर असेल तर ते आपल्याला बोलावून सांगतीलच, अशी आमची भाबडी समजूत होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचे कपाट दोन दिवस पाण्यात राहिले आणि त्याबरोबर सगळी कागदपत्रे गेली, डिस्चार्ज कार्डसुद्धा.

२०२१ मध्ये वडिलांना उजव्या जांघेत हर्निया झाला. त्या वयात, बागेत औषधाचा पंप उचलणाऱ्या माणसाला हर्निया होण्यात कोणालाच नवल वाटले नाही. सर्जननी हर्नियाची पिशवी उघडली तेव्हा आतून पिवळसर, लोंबणारी जेली बाहेर आली. त्यांनी शस्त्रक्रिया तेवढ्यावर थांबवली, थोडी जेली तपासणीसाठी घेतली आणि बाहेर येऊन मला पहिला प्रश्न केला, "यांचे अपेंडिक्स काढलेले आहे ना? त्याचा अहवाल कुठे आहे?"

तो अहवाल मी सात वर्षांनंतर शोधायला निघालो. रुग्णालयाने हात वर केले. जुनी कागदपत्रे त्यांच्याकडे नव्हती. लॅब मात्र पहिल्या मजल्यावर होती. तेथील तंत्रज्ञांनी २०१४ चे जाडजूड रजिस्टर काढले, महिन्याच्या अंदाजावरून बोट फिरवत नेले आणि वडिलांचे नाव सापडले. लोखंडी खणातून ब्लॉकही निघाला, शेंगदाण्याच्या चिक्कीच्या तुकड्याएवढा, मेणात बसवलेला. अहवालाची न नेलेली प्रत तिथेच होती. त्यावर म्युसिनस गाठ असल्याचे आणि ती फुटलेली असल्याचे स्पष्ट लिहिले होते, खाली 'पुढील तपासणी आवश्यक' अशी ओळही होती.

वडिलांना स्यूडोमिक्झोमा पेरिटोनाय झाला होता, म्हणजे फुटलेल्या गाठीच्या पेशी पोटाच्या पोकळीत म्युसिनची जेली साठवत होत्या. पुढे मुंबईत मोठी शस्त्रक्रिया झाली, दहा तासांहून अधिक वेळ लागला. आज ते घरी आहेत, जेवण कमी झाले आहे, पण सकाळी बागेत एक फेरी मारतात. चूक आमची किती आणि रुग्णालयाची किती हा हिशेब मी अनेकदा मांडला आहे. प्रत्येक वेळी बाकी वेगळी येते.

वसंतदादांचा_जिल्हा · रविवार, दुपारी ३.२०

अशा जेलीवर एरंडेल आणि काही काढे यांनी गुण येतो असे आमच्याकडील एक जाणकार सांगतात. शस्त्रक्रियेआधी प्रयत्न करून पाहायला हरकत नसावी.

टाका (मिरज) · रविवार, रात्री ९.५०

हरकत आहे, म्हणून आधी त्यावरच लिहितो. एरंडेल आतड्याच्या पोकळीत काम करते; ही जेली आतड्याच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत असते. दोन्हींच्या मध्ये आतड्याची भिंत आहे. तोंडावाटे घेतलेल्या कोणत्याही काढ्याने ती विरघळत नाही आणि त्यात जाणारे महिने रुग्णाचे असतात.

मी सर्जन आहे. कृष्णाकाठ यांच्या आईंची शस्त्रक्रिया मी केलेली नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी निर्णय देणार नाही. परंतु दोन मते का पडतात ते सांगू शकतो.

उजव्या बाजूचे मोठे आतडे काढण्यामागे लसिकाग्रंथींत पसरलेला रोग काढणे हा हेतू असतो. लो-ग्रेड म्युसिनस निओप्लाझम लसिकाग्रंथींच्या वाटेने क्वचितच जाते. ते फुटून पोटात सांडते. म्हणजे ज्या वाटेने चोर येत नाही त्या वाटेवर मोठा पहारा बसवण्यासारखे ते होते. पूर्वी अनेक ठिकाणी हीच शस्त्रक्रिया सर्रास करत, आणि ज्यांचे शिक्षण त्या काळात झाले त्यांचा हात अजूनही तिकडे वळतो. त्यांना दोष देऊ नये. आज बूड मोकळे असेल, गाठ फुटलेली नसेल आणि पेशी लो-ग्रेड असतील तर अपेंडिक्स काढणे बहुतेक ठिकाणी पुरेसे मानतात. अहवालात 'अ‍ॅडेनोकार्सिनोमा', म्हणजे भिंतीत शिरणारा खरा कर्करोग, आला असता तर मी स्वतः आतडे काढण्याचा सल्ला दिला असता. त्यामुळे सूक्ष्मदर्शी सरांनी सुचवलेली फेरतपासणी होईपर्यंत दोन्ही मते बाजूला ठेवावीत.

सुई न लावण्याचे कारण आता सर्वांच्या लक्षात आले असेल. सुईचे छिद्र बारीक असते, पण आत दाबाखाली म्युसिन असते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायलाही माझी ना नाही; मात्र गाठ चिमट्याने पकडायची नाही, तिच्या आधाराच्या पडद्याला धरून हलवायचे आणि पिशवीत घालूनच बाहेर काढायचे. गाठ मोठी आणि ताणलेली दिसली तर मी छेद वाढवतो. दुर्बिणीचे तीन छोटे व्रण मिळवण्यासाठी गाठ फोडण्यापेक्षा चार इंचांचा टाका बरा. आपल्या सर्जननी तेच केलेले दिसते. तसेच पोट बंद करण्यापूर्वी पोटाच्या तळाशी, यकृताखाली आणि बीजकोशांवर कुठे म्युसिन दिसते का हे पाहून शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहिणे आवश्यक असते. ती नोंद मागून घ्यावी. डिस्चार्ज कार्डावर ती दोन ओळींत येते, मूळ कागदावर सविस्तर असते.

द्राक्षबाग यांनी सांगितलेला हर्निया हा या रोगाचा ओळखीचा चेहरा आहे. पुरुषांत तो हर्नियाच्या पिशवीत सापडतो, स्त्रियांत पुष्कळदा बीजकोशाची मोठी गाठ म्हणून. वेर्थ यांनी १८८४ साली स्यूडोमिक्झोमा हे नाव दिले तेसुद्धा बीजकोशाच्या गाठीच्या संदर्भातच. त्याचे मूळ बहुतेक वेळा अपेंडिक्समध्ये असते हे पुढे उलगडले. वर्षाला दहा लाख लोकांत एखाद-दोघांना होणारा हा आजार आहे, त्यामुळे अनेक सर्जन आयुष्यात तो एकदा किंवा दोनदाच पाहतात. त्याची मोठी शस्त्रक्रिया अमेरिकेतील पॉल शुगरबेकर यांनी रूढ केली: पोटाच्या अस्तरावरचा दिसणारा सगळा रोग सोलून काढायचा आणि मग त्याच टेबलावर सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाचे केमोथेरपीचे द्रावण पोटात तास-दीड तास फिरवायचे. त्याला हायपेक म्हणतात. मुंबई-पुण्यातील मोजकीच केंद्रे हे नेमाने करतात आणि ज्यांचा हात बसलेला आहे त्यांच्याकडेच ते व्हावे.

आणखी एक गोष्ट, जी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला लागू आहे. अपेंडिक्सभोवती गोळा झाला की आपण प्रतिजैविके देऊन तो बसवतो आणि रुग्ण घरी जातो. पुढे अपेंडिक्स काढायचे की नाही यावर जुना वाद आहे. फिनलंडमध्ये याच प्रश्नावर सुरू केलेला अभ्यास मधेच थांबवावा लागला, कारण ६० रुग्णांपैकी सुमारे २० टक्क्यांत अपेंडिक्सची गाठ निघाली आणि ते सर्व रुग्ण चाळिशीच्या पुढचे होते. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. रुग्णसंख्या लहान असली तरी तेव्हापासून पन्नाशीच्या माणसाला "गोळा बसला, आता विसरून जा" असे मी सांगत नाही.

आईंची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) झालेली नसेल तर तीही विचारावी. या रुग्णांत मोठ्या आतड्यात पॉलिप (अस्तरावरचा कोंब) किंवा दुसरी गाठ असण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते.

अजिंक्यतारा (सातारा) · सोमवार, सकाळी ११.२५

विषय थोडा बाजूचा आहे, पण अपेंडिक्सचाच आहे. माझ्या पुतणीचे (वय १९) साताऱ्यात नेहमीच्या अपेंडिसायटिससाठी ऑपरेशन झाले. अहवालात 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, टोकाशी, ०.७ सेंटिमीटर, ग्रेड १' असे आले. ओळखीच्या एका बाईंचा आजार 'गॉब्लेट सेल कार्सिनॉइड' होता आणि त्यांची केमोथेरपी झाली. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरलाही पूर्वी कार्सिनॉइड म्हणत; हा शब्द दोन्हींकडे ऐकू येत असल्याने माझ्या वहिनींची झोप उडाली आहे. मुलीच्या लग्नाच्या वेळी हे सांगावे लागेल का, येथपर्यंत त्यांचा विचार गेला आहे.

सूक्ष्मदर्शी (मिरज) · सोमवार, दुपारी १२.४०

वहिनींना आज शांत झोपू द्यावे. 'कार्सिनॉइड' हा शब्द ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ साली काढला तो 'कर्करोगासारखे दिसणारे, पण तसे न वागणारे' अशा अर्थाने. आपल्या पुतणीची गाठ त्या घराण्यातील आहे. अशा गाठी बहुधा टोकाशी असतात, तरुण वयातही सापडतात आणि बुडापासून दूर असल्याने अपेंडिक्सबरोबर संपूर्ण निघून येतात. १ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि कड मोकळी असल्यास अपेंडिक्स काढणे हाच पूर्ण उपचार असतो. २ सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास आतड्याचा भाग काढतात. मधल्या पट्ट्यात इतर गोष्टी पाहून ठरवावे लागते.

आपल्या परिचित बाईंचा आजार नावाने जवळचा आणि स्वभावाने लांबचा होता. त्या नावामुळे इतका घोळ होत असे की २०१९ च्या वर्गीकरणात ते रद्द करून 'गॉब्लेट सेल अ‍ॅडेनोकार्सिनोमा' असे केले गेले. तो खरा कर्करोग आहे आणि त्याचा उपचारही तसाच होतो. आडनाव एक असले म्हणून भाऊबंद होत नाहीत.

लग्नाच्या प्रश्नावर विकृतिशास्त्राचे काही मत नाही.

गणपती_पेठ · सोमवार, सायंकाळी ६.३०

माझ्या पहिल्या प्रतिसादात मी घाईने मोठ्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला, तो मागे घेतो. घरी जाऊन २०१७ मधील स्वतःच्या अपेंडिक्सचा अहवाल शोधला. सापडला, पाकीट उघडलेलेच नव्हते. साधा दाह आहे. परंतु सात-आठ वर्षे मी ते न वाचता कपाटात ठेवले होते, याचे माझे मलाच आश्चर्य वाटले.

कृष्णाकाठ (सांगली) · तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री ८.४०

सर्वांचे आभार आणि पुढची हकिकत.

सोमवारी सकाळी लॅब उघडताच गेलो. नमुना शिल्लक होता. आणखी आठवडाभराने तो टाकला जाणार होता. तेथील डॉक्टर बाईंना मी संपूर्ण अपेंडिक्स तपासण्याची विनंती केली तेव्हा त्या रागावतील अशी भीती होती. तसे झाले नाही. मागणीपत्रावर केवळ 'अपेंडिक्स' एवढेच लिहिलेले होते, सीटीमध्ये म्युकोसीलचा संशय होता हे त्यांना कोणी कळवलेच नव्हते, असे त्या म्हणाल्या. सीटीचा अहवाल माझ्या पिशवीत होता आणि तो बरणीबरोबर द्यावा हे पहिल्या दिवशी मला सुचले नव्हते. त्यांनी माझ्यासमोर बरणी उघडली. फॉर्मालिनचा वास डोळ्यांत गेला. चिरलेल्या अपेंडिक्सच्या पोकळीतील जेली आता घट्ट आणि धुरकट झाली होती, खरवसाच्या कडेसारखी. उरलेल्या भागाचे आणखी अकरा ब्लॉक झाले.

पुरवणी अहवाल असा आला: अकराही ब्लॉकमध्ये लो-ग्रेड पेशीच आहेत, कुठेही शिरकाव नाही. दहा ब्लॉकमध्ये म्युसिन स्नायूच्या थरापर्यंतच आहे. मध्यभागाच्या एका ब्लॉकमध्ये मात्र पेशीविरहित म्युसिन स्नायूच्या पलीकडे, बाह्य आवरणाच्या आतील थरात गेलेले आहे. बाह्य आवरण स्वतः अखंड आहे. म्हणजे टप्पा 'टीआयएस' नव्हे, 'टी ३'. पहिल्या तीन तुकड्यांवर थांबलो असतो तर हे कधीच कळले नसते.

हे घेऊन दोन्ही सर्जनना पुन्हा भेटलो. ज्यांनी आतडे काढण्यास सुचवले होते त्यांनी पूर्ण अहवाल, शस्त्रक्रियेची मूळ नोंद आणि सीटी एकत्र पाहिले आणि आवरण फुटलेले नाही, पोटात कुठेही म्युसिन दिसलेले नाही, पेशी लो-ग्रेड आहेत, तेव्हा आता मोठी शस्त्रक्रिया नको, असे स्वतः सांगितले. मत बदलताना त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत, याचे मला कौतुक वाटले. मुंबईतील कर्करोग रुग्णालयात ब्लॉक दाखवून तिसरे मत घेतले. तेही हेच आले. सीईए आणि सीए १९-९ या गाठीच्या खुणा पाहणाऱ्या रक्तचाचण्या ठीक आहेत. कोलोनोस्कोपीत डाव्या बाजूला एक छोटा पॉलिप सापडला, तो त्याच वेळी काढला. तो साधा होता.

आईला मी सूक्ष्मदर्शी सरांचे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे सांगितले: वाढ आहे, पण मूळ धरून शिरणारी नाही. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "म्हणजे तणासारखी, पण हरळी नव्हे?" मी हो म्हणालो. सर, हे शास्त्राला धरून आहे का ते सांगावे.

सूक्ष्मदर्शी (मिरज) · गुरुवार, रात्री ९.०५

माझ्या अळिवापेक्षा उपमा सरस आहे. 'टी ३' शब्दाने घाबरू नये, पण पाहणी चुकवू नये. पहिली काही वर्षे ती नेमाने व्हावी. अकरा अधिक तीन असे चौदाही ब्लॉक कोणत्या क्रमांकाने नोंदवले आहेत ते लिहून ठेवावे आणि पुरवणी अहवाल मूळ अहवालाला टाचून ठेवावा, सुटा नव्हे.

द्राक्षबाग (तासगाव) · गुरुवार, रात्री ९.२०

आणि फाइल वरच्या मजल्यावर ठेवावी.

कृष्णाकाठ (सांगली) · गुरुवार, रात्री ९.३२

क्रमांक लिहून घेतले आहेत. फाइल माळ्यावर, आईच्या लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेत गेली आहे. पुढचा सीटी दिवाळीनंतर आहे. झाला की येथे लिहीन.